एकतीस नावांची गोष्ट

गिरजाबाई चिडली की आधी पदर खोचायची आणि मग तोंड उघडायची. त्या दिवशी तिने पदर खोचला तो थेट शाळेत, विष्णू मास्तरांच्या टेबलासमोर. आणि का खोचू नये? तिच्या गोष्टीचा मास्तरांनी खून केला होता.

जिते स्टेशनवर उतरून खाडीकडे चालत सुटलं की तिचं गाव लागतं. गावाची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली, मधे फक्त मातीचा बांध. फार वर्षांपूर्वी एका उधाणाने त्या बांधाला खांड पाडली. बैलगाडी जाईल एवढं भगदाड, आणि खारं पाणी शेतात शिरायला लागलं. गावाने रांग लावली, चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात दिले आणि पुढची भरती यायच्या आत खांड बुजवली. तेव्हापासून दर वैशाखात बांधाची डागडुजी संपली की तिथे नारळ फुटायचा आणि ही गोष्ट सांगितली जायची. आधी गिरजाबाईचा बाप केरू सांगायचा, त्याच्यामागे ती. सांगायची रीत ठरलेली. रांगेतलं एकेक नाव घ्यायचं आणि त्या घरच्या माणसाने 'हाय!' म्हणायचं. माणूस मेलं असलं तर लेक म्हणायचा, सून म्हणायची. एकतीस नावं होती. 'हाय' आल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे.

विष्णू मास्तर पेणचे, माणूस वाईट नव्हता. पण शाळेच्या गॅदरिंगसाठी त्यांनी या गोष्टीचं नाटक लिहिलं आणि तीस नावं गाळली. उरला एकटा महिपती. तो म्हणे खांडीत आडवा पडला आणि समुद्र मागे हटला!

"मास्तर, महिपती त्या सकाळी रोह्याला व्याह्याकडं जेवत व्हता," गिरजाबाई म्हणाली. "दुपारी आला नि मग रांगेत हुबा ऱ्हायला. बाविसावं त्याचं नाव मी घेत्येच की."

"गिरजाबाई, कथेला नायक लागतो. एकतीस नावं म्हणजे मतदारयादी झाली. रामायण रामाचंच असतं ना?"

"आनि सेतू? तो काय एकट्या रामानं बांधला? त्यात खारीचं पन नाव हाय, मास्तर! तुमच्यात खारीएवढी तरी जागा ठेवायची व्हती."

मास्तर हसले, आणि तेच तिला झोंबलं. खरी मेख वेगळीच होती. महिपतीचा नातू धाटावच्या कारखान्यांत ठेकेदार. गॅदरिंगचा मंडप त्याचा, आणि बांधावर आजोबांच्या नावाचा दगड बसवायचंही त्यानेच ठरवलेलं. दगडावर एकच नाव. एकदा दगड बसला की म्हातारीच्या तोंडची गोष्ट कोण ऐकतो?

गॅदरिंगला सारा गाव लोटला. पुठ्ठ्याच्या खांडीत मिशा लावलेला महिपती धाडकन आडवा झाला, "धरणीमाते, घे हा देह!" म्हणाला आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी गिरजाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. ती उठून तडक स्टेजवर चढली.

"चिखल कोनी दिला त्याला? आभाळातून पडला?"

मंडपात खसखस पिकली. तिने पदर खोचला आणि सुरुवात केली. "नाथा!" कोपऱ्यातून आवाज आला, "हाय!" "काळुराम!" "हाय!" पाचसहा नावांनंतर हसणं थांबलं, लोक ताठ बसले. बाविसावं नाव आलं, "महिपती!" पहिल्या रांगेतल्या नातवाकडे सगळ्या माना वळल्या. तो घुटमळला आणि शेवटी खाली बघत म्हणाला, "हाय."

एकतिसावं नाव झालं. जिरली ना, अशा नजरेने तिने मास्तरांकडे पाहिलं.

तेवढ्यात मंडपाच्या मागून आवाज आला. "आनि माजी आय?"

सीताबाई होती ती. बांधाच्या टोकाला झोपडी, शेत कुठेच नाही, जन्मभर दुसऱ्यांच्या लावणीला जाणारी. "माजी आय खांडीत छातीभर पान्यात हुबी व्हती. पयला गोळा तिनं लावला. मी दरसाल येत्ये गो नारळाला. वाटतं, औंदा तरी नाव घेशील."

गिरजाबाईला बापाने नावं पाठ करून दिली होती ती शेतांच्या क्रमाने, बांधाला लागून ज्याचं शेत त्याचं नाव. ज्याचं शेत नाही त्याचं नाव नाही. इतकी वर्षं ती घडाघडा म्हणत आली आणि एकदाही तिला हे सुचलं नाही. मास्तरांनी तीस गाळले म्हणून ती त्यांच्या अंगावर धावली होती. एक बाई तर तिनेच गाळली होती, आणि तीही पहिली. तिला स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"नाव काय गो तुज्या आयचं?" तिने विचारलं. नावही विचारावं लागलं.

"रंभा."

गिरजाबाईने डोळे पुसले आणि गोष्ट परत पहिल्यापासून धरली.

"रंभा!"

सीताबाईच्या तोंडून शब्द फुटेना. सगळे तिच्याकडे वळून बघत होते. महिपतीचा नातूही मान वळवून बसला होता. गिरजाबाई नाथाचं नाव ओठांवर धरून उभी राहिली, कारण 'हाय' आल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.