पान सातवरचा बाण

पहिल्या भेटीत अण्णांनी मला बसायला खुर्ची दिली नाही. मुलाखतीसाठी नेसलेली इस्त्रीची साडी सावरत मी त्यांच्यामागून कारखान्याच्या शेडमध्ये गेले. तेथे एक फवारणी पंप सुटा करून ठेवला होता आणि शेजारी एक फिटर उभा होता. अण्णांनी पंपाची माहितीपुस्तिका माझ्या हातात दिली. म्हणाले, "मोठ्यानं वाचा. ह्यो जसं ऐकंल तसंच करंल. जास्त न्हाई, कमी न्हाई."

मी वाचू लागले. तिसऱ्या वाक्याला फिटरचे हात थांबले.

"पुस्तकात सांगितलं तसा नट आवळला बगा. आता वायसर कुठनं घालू, बाई?"

वॉशर घालायची सूचना नट आवळण्याच्या सूचनेनंतर आली होती. मला हसू आले. अण्णा हसले नाहीत. "ही वाक्यं नीट लावून द्या," ते म्हणाले, "मग नोकरीचं बोलू."

मी वाक्ये लावून दिली आणि नोकरी मिळाली. अण्णा, म्हणजे श्री. भूपाल किणीकर, शेतीची यंत्रे बनवणाऱ्या आमच्या कंपनीत प्रकाशन विभागाचे प्रमुख होते. विभाग कसला, ड्रॉइंगच्या हॉलमधला एक कोपरा, दोन टेबले, एक संगणक. यंत्रांबरोबर जाणाऱ्या पुस्तिका आणि कंपनीचे बातमीपत्र तेथे तयार होत असे. मराठी घेऊन बी.ए. झाल्यावर काही वर्षे मी छापखान्यात मुद्रिते तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले की मजकूर शुद्ध झाला, असा माझा समज होता. अण्णांनी तो पहिल्या आठवड्यातच काढून टाकला. त्यांचा नियम एकच होता. कोणतीही पुस्तिका यंत्राशेजारी उभे राहून एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने केवळ ऐकून यंत्र चालवायचे. ते पार पडल्याशिवाय पुस्तिका छपाईला जात नसे. कारखान्यात याला 'उभे वाचन' म्हणत. अनेकांना तो अण्णांचा छंद वाटे.

अण्णा गोड बोलणारे गृहस्थ नाहीत, हे त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या वाचकांना सांगायला नको. पण त्यांचे लक्ष असते. मी रुजू झाले तेव्हा त्या हॉलमध्ये बाई मी एकटीच. बायकांचे स्वच्छतागृह दोन इमारती पलीकडे होते. मी कोणाकडे तक्रार केली नाही. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर एक किल्ली दिसली, हॉलला लागून असलेल्या, वापरात नसलेल्या स्वच्छतागृहाची. अण्णांनी तेथे ठेवलेले स्वतःचे कागदांचे गठ्ठे आदल्या संध्याकाळी हलवले होते. याविषयी ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि मीही आज प्रथमच बोलते आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. अण्णांच्या निवृत्तीला वर्षभर उरले असताना कंपनीने पानांची जुळणी करण्याचे नवे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले. जुने वारंवार बंद पडत होते. मंजुरी एकाच सॉफ्टवेअरची होती. पुस्तिका आणि बातमीपत्र दोन्ही त्यातच करायचे होते. शाहूपुरीतल्या एका विक्रेत्याकडे आम्ही दोन सॉफ्टवेअरे पाहायला गेलो. पहिले देखणे होते. विक्रेत्याचा माणूस उत्साहाने दाखवू लागला. "सर, यात फोटोला सावली देता येते. अक्षरं गोल वळवता येतात."

"अक्षर वळवून काय करायचं?" अण्णांनी विचारले. "शेतकऱ्याला मान वळवावी लागंल की."

मग त्यांनी पिशवीतून आमच्या एका पुस्तिकेचे पान काढले. कडबाकुट्टी यंत्राच्या पुस्तिकेतले पान सात. त्यावर यंत्राच्या दांड्याचे चित्र होते. दांडा वर असला की कडबा आत ओढणारे रूळ चालू राहतात, खाली ओढला की थांबतात. खालच्या जागेकडे रोखलेला एक लाल बाण आणि त्यापुढे 'येथे बंद' असे शब्द. अण्णा विक्रेत्याला म्हणाले, "हे पान तयार करा. मग चित्राच्या वर दोन ओळी वाढवा आणि काय होतंय ते दावा."

देखण्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र दोन ओळी खाली गेले आणि बाण जागच्या जागी राहिला. विक्रेता म्हणाला, "सर, दोन्ही आधी एकत्र बांधून घ्यायचे. एक क्लिक." दुसरे सॉफ्टवेअर रुक्ष होते. त्यात बातमीपत्र केले तर ते सरकारी परिपत्रकासारखे दिसले असते. पण त्यात बाण चित्रासोबत आपोआप खाली गेला.

रस्त्यावर आल्यावर मी पहिल्याचा आग्रह धरला. बातमीपत्र हे माझे काम होते आणि मला त्याचा अभिमान होता. अण्णा म्हणाले, "बाई, बातमीपत्र वाईट दिसलं तर कुणाचं बोट जात न्हाई."

"एका क्लिकचा तर प्रश्न आहे," मी म्हणाले. "तो मी विसरेन असे वाटते का तुम्हाला?"

प्रमुख या नात्याने ते माझे म्हणणे सहज मोडून काढू शकत होते. पण ज्याला रोज काम करायचे त्याने हत्यार निवडायचे, हेही त्यांचे तत्त्व होते आणि गैरसोयीचे झाले म्हणून त्यांनी ते सोडले नाही. त्यांनी फाइलवर टिपणी लिहिली: "बाईंची निवड मान्य. अट अशी की, बाण चित्राला बांधल्याशिवाय पान पुढे जाऊ नये आणि उभे वाचन चुकवू नये." खाली त्यांची सही आणि माझीही.

काही महिने सर्व सुरळीत चालले. बातमीपत्राचे कौतुक झाले. मग कडबाकुट्टीच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. उभे वाचन झाले, पान बरोबर होते. छपाईला देण्याच्या दिवशी सुरक्षिततेची सूचना वाढवण्याचा निरोप वरून आला: "यंत्र चालवताना पदर, धोतर, बाह्या आवरून घ्याव्यात." सूचना दोन ओळींची होती. ती मी पान सातवर चित्राच्या वर घातली. बाण चित्राला बांधायचे मी विसरले होते. पुन्हा उभे वाचन करायला हवे होते. बातमीपत्राची पानेही त्याच दिवशी द्यायची होती, आणि दोनच तर ओळी, असे मी मनाशी म्हटले. अण्णांनी विचारले, "झालं सगळं?" मी हो म्हणाले. त्यांनी सही केली.

पुस्तिका विक्रेत्यांकडे जाऊन आठवडा झाला नसेल, तोच गडहिंग्लजच्या विक्रेत्याचा फोन आला. मीच उचलला.

"बाई, पुस्तकात बंद म्हणून दावलंय तितं आमचं मशीन चालू हाय. एका बाईचा पदर घावला रुळात. वाचली म्हणून बरं."

मी संगणकावर पान सात उघडले. चित्र दोन ओळी खाली गेले होते. बाण होता तेथेच होता आणि आता तो वरच्या जागेकडे रोखलेला होता.

मी अण्णांसमोर जाऊन सांगितले. त्यांनी एकच विचारले, "त्या दोन ओळींनंतर उभं वाचन केलं?"

"नाही."

"गाडी सांगा," ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

विक्रेत्यांना पुस्तिका देणे थांबवा, असे फोन करून आणि दुरुस्त चित्राच्या प्रती काढून घेऊन आम्ही निघालो. गडहिंग्लजजवळच्या त्या वस्तीवर पोहोचलो तेव्हा यंत्र गोठ्याशेजारी बंद उभे होते. घरची सून हातातली वैरण टाकून पुढे आली. पदराचे फाटलेले टोक तिने कमरेला खोचले होते. तिच्या नवऱ्याने घडले ते सांगितले. "ही वरडाय लागली. मी पुस्तक बघितलं. दांडा तर बाणानं दावल्याच जागी हाय. मग वडू कुठं?" तो दांडा धरून उभा राहिला आणि रूळ पदर ओढत राहिले. म्हाताऱ्या सासूबाईंनी धावत जाऊन मोटारीचा खटका पाडला, म्हणून पुढचे टळले.

"ह्यास्नी पुस्तक दिलं हितंच चुकलं," सून म्हणाली. "खाली लिवलेलं वाचायचं न्हाई, नुसता बाण बघायचा."

"तू वाचायचं हुतंस की मग!"

"वाचते की. पदर सोडवून दिला असतासा तर वाचलं असतं."

सासूबाईंना मात्र हे पटले नाही. त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "शिकलेल्या माणसानं लिवलंय म्हणून इस्वास ठिवला की ओ आमी."

मी बोलायला तोंड उघडले. अण्णा आधी बोलले. "आव्वा, चूक माझी. पुस्तकावर सही माझी हाय." आणि दुरुस्त चित्रांचा गठ्ठा माझ्या हातात देत म्हणाले, "बाई, तुम्ही चिकटवाय घ्या."

पुढचे दिवस आम्ही विक्रेत्यांकडे आणि यंत्र नेलेल्या घरोघरी जाऊन प्रत्येक प्रतीत बरोबर चित्र चिकटवले. प्रत्येक ठिकाणी अण्णांनी दांडा स्वतः वर-खाली करून दाखवला. आणखी कोणाला इजा झाली नव्हती.

मालकांपुढे चौकशी झाली. फाइलमधली ती टिपणी दाखवली असती तर अण्णांवर काहीच आले नसते. त्यांनी ती दाखवली नाही. "अंतिम सही माझी," एवढेच ते म्हणाले. निवृत्तीनंतर आणखी दोन वर्षे त्यांना ठेवून घ्यायचे तोंडी ठरले होते, ते रद्द झाले. बाहेर आल्यावर मी म्हणाले, मी आत जाऊन खरे सांगते. ते थांबले आणि चिडून म्हणाले, "सांगून काय हुणार? तुमाला काढतील. नवा कोणतरी येईल, त्याला ह्या बाणाचं काय ठावं असंल? त्यो परत तसंच करंल. तुम्ही आता जन्मात करणार न्हाईसा. कामाला लागा."

मी कामाला लागले. पहिले वर्षभर मी भीतीने गप्प होते. त्यानंतर सवयीने.

निरोपाच्या समारंभात एका अधिकाऱ्यांनी 'अण्णांचा बाण' म्हणून विनोद केला. सगळे हसले, अण्णाही हसले. मी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून छपाईत काही सरकले की कंपनीत 'अण्णांचा बाण झाला' म्हणायची पद्धत पडली. ज्यांनी अण्णांना पाहिलेलेही नाही, ती मुलेमुलीही तसे म्हणतात. मी त्या विभागाची प्रमुख झाले. माझ्यासमोर तो शब्द शेकडो वेळा उच्चारला गेला असेल. मी एकदाही हटकले नाही.

यंदा कंपनी पुन्हा नवे सॉफ्टवेअर घेत आहे. मालकांच्या चिरंजीवांनी अण्णांना सल्ल्यासाठी मानाने बोलावले. सादरीकरण मोठ्या पडद्यावर होते. अण्णांनी काठी टेकून ते शांतपणे पाहिले आणि पिशवीतून पान सात काढले. "चित्राच्या वर दोन ओळी वाढवा," ते म्हणाले. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणाले, "अण्णांचा बाण." त्या दिवशी विभागात परतल्यावर मी ती जुनी टिपणी शोधली. निवृत्त होताना अण्णांनी सगळ्या फायली माझ्या ताब्यात दिल्या होत्या. टिपणी त्यांत तशीच होती, दोन्ही सह्यांसकट. तिची प्रत मी या ग्रंथाच्या संपादकांना दिली आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी कागलला अण्णांच्या घरी गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहून तो मोठ्याने वाचला. त्यांनी मध्ये अडवले नाही. संपल्यावर म्हणाले, "लांबलंय."

"काय काढू?"

"काढू नका, घाला. पदर त्या पोरीचा गेला, आणि लेखात नावं तुमची-माझी. तिचं नाव कुठाय?"

दुरुस्ती योग्य आहे. त्या सूनबाईंचे नाव सुवर्णा. त्या आजही तेच यंत्र वापरतात, आणि पुस्तिका त्या स्वतः वाचतात. अण्णांच्या अमृतमहोत्सवाला येण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

अण्णांना दीर्घ आयुष्य लाभावे. त्यांची नजर बारीक अक्षरांवर अशीच ठरावी आणि गुडघ्यांनी त्यांना यंत्राशेजारी एक पुस्तिका संपेपर्यंत उभे राहू द्यावे. त्यांना स्वतःसाठी याहून जास्त काही नको असते, हे मी जाणते. मला मात्र त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट हवी आहे. यापुढे कंपनीत कोणी 'अण्णांचा बाण' म्हणाले, तर त्याला हा लेख वाचायला द्यावा. तो बाण माझा आहे.