गोलमागची पाटी

गोपाळकृष्ण वैशंपायन यांना फुटबॉल कळत नाही, हे अख्ख्या कसबा पेठेला ठाऊक होतं. फक्त त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय, हे चाळीस वर्षांत तीनदा समजावून सांगून लोक दमले होते. तरी पेठेतल्या झुंजार फुटबॉल क्लबचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता, आणि त्यांच्याशिवाय सामना सुरू झाला तर लोकांना चुकल्यासारखं वाटायचं. त्याचं कारण त्यांचं अक्षर.

एका सरकारी कचेरीत सूचनाफलक लिहिता लिहिता त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतर हात शिवशिवू लागला, तेव्हा त्यांनी तो झुंजारच्या सेवेला लावला. दर रविवारी एक पाटी. पत्र्यावर निळा रंग, त्यावर पिवळी अक्षरं. सामन्याआधी ती सुतळीने गोलच्या जाळीमागे बांधायची. झुंजार पहिल्या गटातून दुसऱ्यात घसरला तेव्हा पाटी होती : ‘संघ खाली उतरत आहे. कृपया जिन्यात गर्दी करू नये.’ दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला तेव्हा : ‘यापुढे गट शिल्लक नाही, याची खेळाडूंनी नोंद घ्यावी.’ माणसं पाटी वाचायला मैदानावर येत आणि आल्यासारखा सामनाही बघत. क्लब हरला तरी गोपाळराव जिंकलेले असत, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

अशा या क्लबवर कुणी माहितीपट काढील, हे कुणाला खरं वाटलं नसतं. पण तांबट आळीतले भांड्यांचे दुकानदार आणि क्लबचे चिटणीस असलेल्या हिंमतरावांची पुतणी स्पृहा सिनेमाचं शिक्षण घेऊन आली होती. तिने दोन वर्षं झुंजारच्या मागे कॅमेरा घेऊन घालवली. एका रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात तो माहितीपट दाखवायचं ठरलं. “तुमच्या पाट्या आहेत हो त्यात,” हिंमतराव आधीच सांगून गेले. गोपाळरावांनी इस्त्रीचा झब्बा घातला. पद्मजाबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, त्या नको नको म्हणत असताना बरोबर घेतलं. चाळीस वर्षांत बाईंनी एकही सामना पाहिला नव्हता. निदान नवऱ्याचं कौतुक तरी बघू दे, असा साधा हिशेब होता.

पहिला अर्धा तास त्यांच्या मनासारखा गेला. जुन्या पाट्या पडद्यावर आल्या की सभागृह खदखदून हसायचं, माणसं माना वळवून गोपाळरावांकडे बघायची आणि ते ‘कसचं कसचं’ म्हणत हात हलवायचे. मग चित्र पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका घरासमोर येऊन थांबलं. दारात एक तिशीचा धिप्पाड माणूस उभा होता.

“अरे, हा तर आपला रविराज!” मागून कुणीतरी म्हणालं. सात वर्षांपूर्वी झुंजारचा गोलरक्षक होता तो. ज्या हंगामात क्लब तिसऱ्या गटात गेला, त्या हंगामात त्याच्या हातून इतके गोल सुटले होते की, तो उभ्याने झोपतो असं पेठेत ठरून गेलं होतं.

पडद्यावरचा रविराज स्पृहाला सांगत होता, “मॅडम, मी मार्केट यार्डात हमाल. पहाटंपास्नं कांद्याच्या गाड्या खाली करायच्या. नऊला सुटलो की तसाच मैदानावर. चेंडू दिसायचा मला. पर खांदाच वर जायचा न्हाई.”

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असंही कुणाला वाटलं नव्हतं.

मग कॅमेरा घरात गेला. समोरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, निळी पाटी होती. पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘रविराज दत्तोबा उंद्रे. येथील दार कायम उघडे असते. चेंडूंनी उगाच बेल वाजवू नये.’

सभागृह सवयीने हसलं. गोपाळरावही हसले.

पडद्यावर एक म्हातारा पुढे आला आणि खांद्यावरच्या टॉवेलने पाटी पुसू लागला. हळूहळू, कोपरा न कोपरा. “ही पुन्याच्या मानसांनी दिली,” तो कौतुकाने म्हणाला. “माज्या पोराच्या नावाची हाय.”

“काय लिहिलंय बाबा त्यावर?” स्पृहाचा आवाज आला.

“मला कुटं वाचता येतंय? पोराचं नाव तेवढं वळखतो. बाकी रव्या वाचून दावतो.”

रविराज मागे उभा राहून जमिनीकडे बघत होता. पुढच्या दृश्यात तो एकटाच गोठ्याजवळ होता. “आण्णा रोज पुसत्यात ती,” तो म्हणाला. “काडायची कशी? काडली तर का म्हून इचारतील.”

गोपाळरावांच्या तोंडावरचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. कारण ती पाटी म्हाताऱ्याकडे कशी गेली, हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं.

ती पाटी लावली त्या दिवशी झुंजार पाच गोलांनी हरला होता. सामना संपल्यावर धोतर-टोपीतला एक म्हातारा जाळीमागे आला आणि पाटीवरच्या नावावर बोट ठेवून त्याने विचारलं, “सायेब, हे माज्या पोराचं नाव न्हवं?” गोपाळराव म्हणाले, “हो, आपल्याच चिरंजीवांचं.” म्हातारा जरा घुटमळला. मग म्हणाला, “ही मला न्हेऊ द्याल का?” बाजूच्या मंडळींनी ओठ दाबले. आणि गोपाळरावांनी स्वतःच्या हाताने सुतळी सोडली, पाटी दोन्ही हातांनी अदबीने पुढे केली आणि म्हणाले, “न्या, न्या. दर्शनी भागात लावा.” म्हाताऱ्याने पाटी कपाळाला लावली. तो लांब जाईपर्यंत लोकांनी कशीबशी कळ काढली आणि मग पोट धरधरून हसले. पुढच्या रविवारी रविराज आला नाही, त्यानंतरही कधी आला नाही. हिंमतरावांनी दुसरा गोलरक्षक उभा केला. आणि गोपाळरावांना तो किस्सा पुढे वर्षभर पुरला.

दिवे लागल्यावर मंडळींना कंठ फुटला. एकजण म्हणाला, पोरीने क्लबची बदनामी केली. दुसऱ्याच्या मते आवाज नीट नव्हता. हिंमतराव चिडून म्हणाले, “हमाली करून येतो हे त्याने सांगायला नको? आम्ही काय ज्योतिषी आहोत?” गोपाळरावांना मात्र कुणी काही म्हणालं नाही. नेहमी त्यांच्याभोवती कोंडाळं करणारी माणसं आज चपला शोधण्यात गुंतली होती.

घरी जाताना पद्मजाबाईंनी विचारलं, “ती पाटी तुम्ही त्यांना आपल्या हाताने दिलीत?”

“त्यांनी मागितली.”

“मागितली,” बाई म्हणाल्या, आणि झपाझप पुढे चालू लागल्या. बाईंनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गोपाळरावांचं जेवणावरून मन उडालं. काहीही खायला घेतलं की टॉवेल धरलेला तो हात समोर यायचा. आपण नीच वागलो, हे त्यांनी स्वतःशी स्पष्ट शब्दांत कबूल केलं. शब्दांचा त्यांना कधी तोटा नव्हता. पण स्वतःशी कबूल केल्याने भिंतीवरची पाटी उतरत नाही. तेव्हा त्यांनी तेवढ्याच मापाचा पत्रा आणला, तोच निळा रंग दिला आणि नवी पाटी लिहायला बसले. नाव झालं. पुढे हात चालेना. उभ्या जन्मात त्यांनी कुणाची स्तुती लिहिली नव्हती, ती कशी लिहितात हेच त्यांना येईना. तीन दिवस खाडाखोड करून शेवटी एवढंच उरलं : ‘रविराज दत्तोबा उंद्रे. गोलरक्षक.’

स्पृहाकडून पत्ता घेऊन, पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून ते सकाळच्या बसने मांजरीला गेले. रविराज यार्डात असेल अशीच वेळ त्यांनी गाठली होती. त्याला नंतर भेटू, आधी म्हाताऱ्याचं बघू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे त्यांना रविराजच्या तोंडाकडे बघायची भीती वाटत होती.

दत्तोबांनी त्यांना उंबऱ्यातच ओळखलं. “मैना, पानी आन! आगं, पाटीवालं सायेब आल्यात!” त्यांनी पाहुण्याला पाटीखालच्या खुर्चीवर बसवलं. डोक्यावर आपलीच पाटी घेऊन गोपाळराव बसले. म्हाताऱ्याच्या सुनेने, मैनाबाईंनी, पाणी दिलं, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांना वाचता येत असावं.

“दत्तोबा, ही नवी पाटी आणलीय,” मैनाबाई चहा करायला आत गेल्यावर गोपाळराव म्हणाले. “ती जुनी मला परत द्या.”

दत्तोबांनी कागद सोडला. अक्षरांवरून बोट फिरवलं. “नाव हाय. पर जुनीत लई लिवलंय. ह्यात कमी हाय.”

“जुनीत लिहिलंय ते चांगलं नाही,” गोपाळराव म्हणाले. “ती थट्टा आहे. तुमच्या मुलाची. ती मी लिहिली, आणि तुम्हाला वाचता येत नाही हे ओळखून दिली. माझं फार चुकलं, दत्तोबा.”

म्हाताऱ्याने दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “म्हाईत हाय मला.”

गोपाळराव खुर्चीत पुढे सरकले.

“मला वाचता येत न्हाई, पर मी बहिरा न्हाई, सायेब. सनासुदीला म्या रव्याला म्हनतो, पाटी वाच. एक डाव त्यो वाचतो, ह्याच्यासारका गडी न्हाई. दुसऱ्या डावाला वाचतो, पुन्याचा वाघ. लिवल्यालं कदी बदलतं व्हय?”

“मग काढून का नाही टाकली?”

“काडली आसती तर मला कळलंय त्ये त्याला कळलं आसतं. त्यो माज्यासाटी झाकतोय, म्या त्याच्यासाटी.” दत्तोबांनी पाटीकडे पाहिलं. “आन दुसरं आसं, पोरगं सवताबद्दल कदी चांगलं बोलत न्हाई. ती पाटी वाचतानाच तेवढं बोलतंय. म्हून ऱ्हाऊ द्या ती. आन त्याला काय बोलू नगा.”

त्यांनी नवी पाटी पुन्हा कागदात गुंडाळली आणि गोपाळरावांच्या मांडीवर ठेवली. म्हणजे जुनी पाटी उतरणार नव्हती आणि रविराजची माफी मागायची सोयही राहिली नव्हती. आपलं पाप आपल्याच पदरात घट्ट बांधून मिळालं आहे, असं गोपाळरावांना वाटलं.

एवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली. गाड्या लवकर खाली झाल्या होत्या. रविराज आत आला, पाहुण्याला पाहून जागीच थबकला. त्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग बापाच्या चेहऱ्याकडे, आणि मग गोपाळरावांकडे. ‘तुम्ही सांगितलं तर नाही ना?’ एवढंच त्या नजरेत होतं. गोपाळरावांनी हळूच मान हलवली. नाही.

“रव्या, पाटीवालं सायेब आल्यात,” दत्तोबा मोठ्याने म्हणाले. “वाच रं, त्यास्नीबी ऐकू दे.”

“आता कशाला, आण्णा?”

“वाच म्हन्तो ना.”

रविराज भिंतीपाशी गेला. अक्षरांखाली बोट धरून, शाळेतल्यासारखं, शब्द तोडत त्याने वाचलं, “रविराज दत्तोबा उंद्रे.” बोट दुसऱ्या ओळीवर गेलं. “हा आमच्या दाराचा राखणदार.” बोट तिसऱ्या ओळीवर गेलं. “हा उभा असला की, आम्हाला कसलाच घोर नसतो.”

“बराबर वाचलं का, सायेब?” दत्तोबांनी विचारलं. “लिवनारं तुमीच.”

दर रविवारी पेठेला हसवणाऱ्या त्या माणसाला दोन शब्द जुळवायला वेळ लागला.

“अगदी बरोबर,” गोपाळराव म्हणाले. “मी असंच लिहिलं होतं.”

मैनाबाई चहा घेऊन दारात थांबल्या होत्या. रविराज वळला. गाठ पडलीच तर तो रागाने बघेल, चार शब्द बोलेल, याची गोपाळरावांनी बसमध्ये पुष्कळ तयारी केली होती. रविराजने बापाच्या पाठीमागून गोपाळरावांना हात जोडले.