दाजींनी न घेतलेला कॅमेरा

कॅमेऱ्यातलं आमच्या दाजींना जेवढं कळतं तेवढं कॅमेरा बनवणाऱ्यालाही कळत नसेल, आणि एवढं कळूनही ज्याने वर्षानुवर्षं कॅमेरा विकत घेतला नाही असा माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मी साताऱ्याच्या शाळेत शिकवते म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणतात. विट्याला त्यांच्याकडे गेलं की चहाच्या आधी सेन्सर येतो. मी पायावर पाणी घेऊन आत आले रे आले की ते मोबाईल माझ्यापुढे धरतात. त्यावर दोन कॅमेऱ्यांनी काढलेला एकच फोटो असतो, कुठल्याशा परदेशी आजोबांच्या दाढीचा, आणि कुठल्या दाढीतले केस सुटे दिसतात ते मी सांगायचं असतं. मला मेलीला दोन्ही दाढ्या सारख्याच दिसतात. तसं म्हटलं की ते अक्काकडे बघून मान हलवतात. तुझ्या माहेरच्यांना नजरच नाही, असा त्याचा अर्थ.

यात त्यांचा दोष कमी आणि धंद्याचा जास्त. विट्याकडच्या कितीतरी माणसांसारखे तेही ऐन तारुण्यात परमुलखात गेले आणि कोइमतूरला त्यांनी गलाईचं दुकान काढलं. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. समोरचा माणूस दागिन्याबद्दल काय सांगतो याला तिथे कवडीची किंमत नसते. मुशीत घालायचं, जाळ लावायचा आणि खाली काय उरतं ते बघायचं. दुकान मुलाच्या हवाली करून दाजी गावी परतले, पण मूस काही डोक्यातून उतरली नाही. कंपनीची जाहिरात म्हणजे नुसती झिलई, असं त्यांचं ठाम मत. इंटरनेटवर कुणी एखाद्या कॅमेऱ्याची तारीफ केली की त्यांना आधी त्या तारीफ करणाऱ्याचाच संशय येतो.

मग ते जाळ लावायला बसतात. कुणाचा तरी नवा कॅमेरा संध्याकाळपुरता मागून आणायचा आणि त्याची अंगणात परीक्षा घ्यायची. एकदा भर दुपारी त्यांनी शेजारची काळी म्हैस उन्हात उभी केली आणि तिच्यापुढे ताटात पांढरंशुभ्र मीठ ठेवलं. काळ्यातलं काळं आणि पांढऱ्यातलं पांढरं एकाच फोटोत नीट आलं पाहिजे, हा हिशेब. म्हशीने फोटोची वाट न बघता मीठ चाटून ताट लख्ख केलं. दाजी मात्र खूश, कारण जिभेवरचा खरखरीतपणा फार सुंदर आला होता. म्हैस नसेल त्या दिवशी अक्का असते. तिला मात्र मधे उभं करत नाहीत. भिंगाचा खोटेपणा मधे दिसत नाही, कडेला दिसतो, म्हणून अक्काने कायम फोटोच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि मधे असायची रिकामी भिंत. घरात अक्काचे शेकड्यांनी फोटो आहेत, पण एकातही ती धड अख्खी नाही. कुठे कान गेला आहे, कुठे खांदा. अक्का बिचारी तेही सोसते, एवढंच की आमटी करपली तर मी जबाबदार नाही असं आधी बजावते.

दुसऱ्यांच्या बाबतीत याच माणसाचा निर्णय असा चोख की विचारू नका. कासच्या पठारावर फुलांपुढे पालथे पडणारे आमच्याकडचे हौशी लोक, मिरजेचे एक पाखरांच्या मागे हिंडणारे डॉक्टर, सगळे आधी दाजींना फोन करतात. दाजी विचारतात, पाखरं उडती की बसलेली? वजन पेलतं का? पावसात जाणार का? आणि पाच मिनिटांत अमुक घ्या म्हणून सांगून मोकळे होतात. डॉक्टर अजून दुवा देतात. तासगावला एका लग्नात तर दाजींनी ऐन मंगलाष्टकात फोटोग्राफरला गाठून त्याच्या कॅमेऱ्याचे अंधारातले गुणदोष काढले. तोही भला माणूस, रंगात आला आणि हार घालायचा क्षण हुकला. नवरा-नवरीने पुन्हा हार घातले. नवरीच्या मामांनी दाजींना जेवणाच्या पंगतीत फोटोग्राफरपासून शक्य तितक्या लांब बसवलं. मात्र स्वतःची पाळी आली की दाजींचा सूर एकच, पुढचं मॉडेल येऊ द्या.

आम्ही हसायचो, पण त्यामागचं दुखणं आम्हाला ठाऊक होतं. अक्का-दाजींच्या लग्नात फोटोग्राफरने बोहल्यापासून पाठवणीपर्यंत खच्चून फोटो काढले आणि नंतर कळलं की कॅमेऱ्यातला रोल पहिल्यापासून पुढे सरकलाच नव्हता. एक फोटो निघाला नाही. नवी नवरी अक्का कशी दिसत होती ते आता आम्ही सांगू तेवढंच. तेव्हा दाजी तिला म्हणाले होते की तुझा एक फोटो मी काढीन, आणि असा काढीन की लग्नातल्या सगळ्या फोटोंची भरपाई व्हावी. एवढी एकच इच्छा, आणि तिच्यासाठी दगा न देणारा कॅमेरा हवा, म्हणून आयुष्यभर ही कसोटी.

मागल्या दिवाळीत नवं मॉडेल यायची बातमी आली आणि दाजींनी पुन्हा खरेदीचा मुक्काम पुढे हलवला. अक्का मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आवं, कॅमेऱ्याचं नवं मॉडेल दरसाल येतंय. माझं येणार हाय का?"

दाजी मोबाईल उलटा ठेवून शेजारच्या गोठ्याकडे गेले. मला वाटलं, आता माणूस सुधारला. कसला सुधारतोय, दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्या दाढ्या.

आणि मग अक्का आजारी पडली. मिरजेच्या दवाखान्यात औषध सुरू झालं आणि तिची वेणी गेली. अक्काची वेणी हा आमच्या घराण्याचा मान होता, माझ्या वाट्याला आलेली शेपटी बघून आई कायम हळहळायची. तिसऱ्या वेळी औषध चढवत होते तेव्हा दाजी गोळ्या आणतो म्हणून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने कॅमेऱ्याचं खोकं काखेत मारून आले. मी विचारलं, कुठला घेतला? त्यांना खोक्यावर वाचून सांगावं लागलं. मला रडू आवरेना.

"घावला त्यो घेतला," दाजी म्हणाले.

अक्काने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. "आता नगो. केस येऊ द्यात," म्हणाली. दाजींनी हुज्जत घातली नाही. खोकं पिशवीत ठेवलं आणि तिच्या पायावर पांघरूण घातलं.

आता अक्का घरी आहे. दवाखान्यातले डॉक्टर बरं बोलतात, आम्हीही बरंच बोलतो. केस यायला लागलेत, पांढरे आणि चक्क कुरळे, पण तिच्या मनासारखे अजून नाहीत. परवा मी दाजींना मुद्दाम म्हटलं, तुमच्या कॅमेऱ्याच्या वरचं मॉडेल आलं म्हणे. ते असू दे म्हणाले आणि डाळिंब सोलत राहिले. कुठे आलं, किती मेगापिक्सलचं, काही विचारलं नाही. दाजींनी विचारलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं.

आज सकाळी अक्का ओसरीवर कोवळ्या उन्हात बसली होती. दाजी समोर स्टूल टाकून बसले आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मी आतून बघत होते. किती तरी वेळ ते तसेच. बोट बटणावर, पण आवाज काही येईना.

"काढला का काय?" अक्काने विचारलं.

"न्हाई गं. बगतोय नुस्तं."

अक्काने पदर सारखा केला आणि ती तशीच बसून राहिली.