बदलीच्या पेट्या

मी जर्मनीला निघाले तेव्हा आईने हातावर दही घातलं आणि बाबा बदलीच्या पेटीवर बसून बूट चढवत होते. विमान दिल्लीहून, दिल्लीची बस जयपूरच्या सिंधी कॅम्प स्टँडवरून दुपारची, आणि बाबांची घाई सकाळपासूनची.

बदलीच्या पेट्या ज्यांच्या घरी होत्या त्यांना वेगळं सांगायला नको. बाबा बँकेत. मिरजेहून उठलेलं आमचं बिऱ्हाड नागपूर, भोपाळ करत जयपूरला आलं. प्रत्येक गावात त्याच लाकडी पेट्या रांगेने मांडायच्या, वर गादी आणि चादर घातली की झाला दिवाण. कपाट घ्यायचं नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. बाबांचं वाक्य ठरलेलं: "सामान वाढवू नका, आपल्याला मिरजेला जायचंय." स्टँडवर बसच्या खिडकीतून माझा हात धरून तेच म्हणाले, "तिथंही सामान वाढवू नकोस ग."

मी आज्ञाधारक. ब्रेमेनला शिकले, तिथेच नोकरी धरली आणि इतकी वर्षं जमिनीवर गादी टाकून झोपले. पडदेसुद्धा लावले नाहीत. एक मुलगा होता, चांगला होता. तिकडे भाड्याच्या घरात स्वयंपाकाचा ओटा आणि कपाटंही पुष्कळदा आपणच आणायची असतात. एके दिवशी तो म्हणाला, आपण दोघं मिळून ओटा घेऊ या. तिकडे यापेक्षा पक्की मागणी नसते. मी म्हटलं, मला मिरजेला जायचंय. त्याने नकाशात मिरज शोधलं आणि हळूहळू यायचा थांबला. मिरजेत मी तोवर उन्हाळ्याच्या तीन-चार सुट्ट्या काढल्या होत्या, एवढाच माझा आणि मिरजेचा संबंध. तरी परत जायचं म्हणजे तिथंच, यात मला कधी शंका आली नाही.

रविवारी फोन व्हायचा. "बाबा, मिरजेचं कधी?" "तू ये आधी, मग बघू." मला वाटायचं, तिघं मिळून पेट्या भरू. त्यांच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. फोनवर तब्येत, जेवण, तिकडची थंडी, बस. तुमच्यापैकी जे गेले आणि जे मागे राहिले, दोघांनाही ते फोन ठाऊक आहेत.

तिकडे दहा वर्षं होत आली तेव्हा कंपनीने माणसं कमी केली. एका सुटकेसमध्ये माझा सगळा संसार मावला आणि मी जयपूरला परतले. बाबांनी मला जुन्या भाड्याच्या घरी न नेता मानसरोवरमधल्या एका फ्लॅटचं दार उघडलं. मिरजेतली वाटणीची जागा विकून घेतलेला. मला सरप्राइज द्यायचं होतं त्यांना. भिंतीभिंतीत खिळे, खिळ्यांना तसबिरी. एक खोली माझी, आणि त्यात पलंग. पेट्यांच्या फळ्या सुताराकडून तासून करून घेतलेला. एका फळीवर पॉलिशखाली 'भोपाळ' अजून वाचता येत होतं.

"तू इथं वाढलीस. मिरज तुला परकंच वाटलं असतं," बाबा म्हणाले. "आता कुठं जायला नको." इतके खूश होते की मी छान आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाबा त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. मी इथंच गोपालपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये जर्मन शिकवते. परदेशी निघालेली मुलं विचारतात, "मैम, वहाँ मन लग जाता है?" मी हो म्हणते. खोटं बोलते.

मध्यंतरी मटार सोलता सोलता आई म्हणाली, "मला हा फ्लॅट नकोच होता ग. मतलब, तुझ्यासाठी म्हणून हो म्हटलं. मला मिरजेलाच जायचं होतं."

"मलाही," मी म्हटलं.

तिने पुढची शेंग घेतली. आमच्या जागेवर आता कुणाचं तरी दुकान आहे, आणि मिरजेत ओळखीचं कुणी उरलेलं नाही. आई माझ्यासाठी इथं थांबली, मी तिच्यासाठी थांबले आहे, आणि दोघींनाही इथं राहायचं नाही.

पत्ता विचारलात तर मानसरोवरचा देईन. घर विचाराल, तर त्या पेट्या भरायच्या बाकी होत्या तोवर ते होतं. आता मी त्यांच्यावर झोपते.