मागचे स्पीकर

आमच्या ह्यांना दुकानदाराचा जीव काढायची भारी हौस. साधा मिक्सर घ्यायचा तरी हे तो उलटा करून पाहणार, चालू-बंद करून पाहणार, वर त्याच्या पोटाला कान लावून म्हणणार, "याचं बेअरिंग घासते." दुकानदार मल्याळी असो की बहारिनी, त्याला घाम फुटायचाच. त्यामुळं सराउंड साऊंडचा रिसीव्हर घ्यायचा असं ह्यांनी जाहीर केलं तेव्हा मी म्हटलं, झालं, आता मनामाच्या बाजारात आपली वरात निघणार.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल तो. बहारिनला, उम्म अल हस्सम भागात आमचा फ्लॅट होता. तिथल्या आमच्या समाजातले बरेचसे नागपूर-अमरावतीकडचे, कोणी टेक्निशियन, कोणी ऑफिसात. एप्रिलमधली जयंती आम्ही कोणाच्या तरी हॉलमध्ये करायचो, जवळचा शुक्रवार धरून, खिडक्या लावून. नागपूरला त्या दिवशी आवाजानं भिंती हलतात. इथं बुद्धवंदनासुद्धा शेजाऱ्याला त्रास नको म्हणून हळू आवाजात. ह्यांना ते फार लागायचं. त्या वर्षी पाळी आमची होती, आणि ह्यांच्या डोक्यात बसलं की हॉलच्या मधोमध बसलेल्या माणसाला मिरवणुकीत उभं असल्यासारखं वाटलं पाहिजे. पुढून आवाज, मागून आवाज. त्यासाठी रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे एक काळा जड डबा, टीव्ही, टेप, व्हीसीआर सगळं त्याला जोडायचं आणि तो पाच स्पीकरना आवाज वाटून देतो. समोर दोन, मागे दोन, आणि टीव्हीखाली एक मधला. बोलणं सगळं त्या मधल्यातून येतं. हे मी नंतर शिकले, तेव्हा मला फक्त इतकं दिसत होतं की पुसायला आणखी पाच वस्तू वाढणार.

मिरवणूक हे झालं वरवरचं. खरी गोष्ट होती आमच्या लेकीचं भाषण.

जयंतीला पोरांनी भाषण करायचं ही आमच्याकडची जुनी रीत. बोबडं बोलणारं पोरसुद्धा टेबलावर उभं करतात. आमची एकुलती एक लेक तेव्हा सहावीत होती. इंग्लिश शाळा. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. आणि दरवर्षी भाषणही इंग्रजीतच ठोकायची. ह्यांचा त्यावरून घरात रोज एक तमाशा. ती काही म्हणाली की हे म्हणायचे, "काय?" ती पुन्हा म्हणायची. "काय? मराठीत बोल, मले तुझं इंग्रजी नाही समजत." दिवसभर गोऱ्या साहेबाशी इंग्रजीत बोलणारा माणूस! पोरगी चिडून म्हणायची, "पपा, आय सेड इट ऑलरेडी," आणि दार आपटून खोलीत. दार आपटल्याचं मात्र ह्यांना बरोबर ऐकू यायचं.

मला वाटायचं, हा ह्यांचा हट्ट. पोरीची भाषा जाऊ नये म्हणून मुद्दाम करतात. सगळेच तसं समजत होते, हे स्वतःसुद्धा.

ह्यांचं काम कॉम्प्रेसरवर. तिथल्या आवाजाबद्दल मी फक्त ऐकून होते. एकदा फॅमिली डेला गेलो तर मला आत उभंच राहवेना. कानावर लावायचे कव्हर सगळ्यांना दिलेले, ह्यांनाही. पण ह्यांचे कायम गळ्यात. का, तर मशीन बंद न करता तिचं दुखणं ओळखायचं. लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं कोणतं बेअरिंग जातंय ते हे असं सांगायचे आणि खोलून पाहिलं की तेच निघायचं. नाव होतं ह्यांचं तिथं. "मशीन माझ्याशी बोलते, कव्हर घालून कशी बोलन ती?" असं म्हणायचे. मी तेव्हा हसायचे.

तर पहिल्या दुकानात गेलो. आतल्या खोलीत सोफा, चारी बाजूंनी स्पीकर. दुकानदारानं लेझर डिस्क लावली. जंगल होतं पडद्यावर. पाणी वाहतंय, कुठं तरी ढोल वाजतोय. हे म्हणाले, "पीछे का चालू करो." तो म्हणाला, चालू है. हे म्हणाले, "काय चालू है, मफी, कुछ नहीं." भांडून बाहेर. दुसऱ्या दुकानात तेच. मागचे स्पीकर बंद, म्हणे इथं सगळा डुप्लिकेट माल आहे.

मी त्या दोन्ही वेळी त्या खोलीच्या दाराबाहेरच लेकीला आणि पिशव्यांना सांभाळत उभी. तिसऱ्या दुकानात पाय दुखले म्हणून लेकीला घेऊन आत सोफ्यावर बसले. तिथला सेल्समन रत्नागिरीकडचा मुसलमान होता, आम्ही मराठी बोलतो हे ऐकून खूश झाला, मला वहिनी म्हणायला लागला. त्यानं तशीच जंगलाची डिस्क लावली. पाणी, ढोल. आणि एकाएकी आमच्या डोक्यामागं पाखरं बोलायला लागली. इतकी खरी की मी दचकून मागं वळले. लेकही वळली. म्हणाली, "बर्ड्स!"

हे समोर पाहत बसले होते.

"भाऊ," हे म्हणाले, "मागचे चालू करा ना."

पाखरं चिवचिवतच होती. रातकिडे होते, पानांची सळसळ होती. मी ह्यांच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही, नुसती वाट पाहत असलेला माणूस. सेल्समननं एकदा ह्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग मागं जाऊन खाली वाकला आणि म्हणाला, "वायर लूज झाली असेल साहेब, थांबा." काही तरी केल्यासारखं केलं आणि आवाज असा वाढवला की मला कानात बोटं घालावी लागली. "हां, आता आलं," हे म्हणाले. "थोडं थोडं येते."

देव मी मानत नाही, पण त्या माणसाचं भलं होवो असं मला आजही मनापासून वाटतं.

घरी आल्यावर लेक माझ्यामागं स्वयंपाकघरात आली. "मम्मी, पपा कान्ट हिअर," ती म्हणाली. हे हॉलमध्ये पेपर वाचत होते. मी म्हटलं, "हळू बोल गं." ती म्हणाली, "हळू कशाला?" आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. मी नुसती कणीक मळत राहिले.

जरा वेळानं तिनं विचारलं, तेही मराठीत, अडखळत, "मी मराठीत बोलले तर पपाला ऐकू येईल?"

कान कोणती भाषा ओळखतो? पण त्या पोरीनं इतकी वर्षं हेच ऐकलं होतं की पपाला इंग्रजी समजत नाही. तिला वाटलं, चूक आपल्या इंग्रजीची असेल तर ती आपल्याला सुधारता येईल. मी म्हटलं, "येईल." आई होते ना, दुसरं काय म्हणणार होते.

मग मी एक केलं. दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेतून घेतलं आणि ह्यांना न सांगता टॅक्सीनं त्या रत्नागिरीवाल्याकडं गेले. म्हटलं, "भाई, बोललेलं कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कोणता घ्यावा?" त्यानं उगाच काही विचारलं नाही. एका मधल्या आकाराच्या रिसीव्हरवर हात ठेवला. "वहिनी, ह्याच्यात मधल्या स्पीकरचा आवाज वेगळा वाढवता येतो. बाकी गोंगाट कमी, बोलणं पुढं. ऐकू येईल, इंशाल्ला." तो इंशाल्ला त्यानं जरा हळूच म्हटला.

गुरुवारी हे मला पुन्हा घेऊन गेले. ह्यांचा डोळा भल्यामोठ्या वॅटच्या डब्यावर. मी त्या मधल्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, "हाच."

"तुले काय समजते रिसीव्हरमधलं?"

"घरात टीव्ही मी पाहते. मला बोलणं नीट ऐकू येत नाही. मला हाच पाहिजे."

"तुले ऐकू येत नाही?" हे हसले. "म्हातारी झाली का वो तू!" सेल्समनकडं पाहून डोळासुद्धा मारला. मी म्हटलं, हो बाप्पा, झाले म्हातारी, घ्या आता. सेल्समन खोकं आणायला आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

लेकीनं भाषण स्वतः लिहिलं. मराठी शब्द मला विचारायची, इंग्रजी अक्षरांत उतरवायची. आरशापुढं बोलायची. "ळ" काही केल्या येईना, तर रडून रडून बसवला तिनं. रोज संध्याकाळी हे घरी आले की त्यांच्यापुढं उभी राहून मोठ्यानं मराठीत विचारायची, "पपा, चहा हवा का?" हे तिच्या तोंडाकडं पाहायचे आणि म्हणायचे, "हो, दे." मग माझ्याकडं पाहून म्हणायचे, "पाह्यलं, मराठी बोलली की कसं समजते!" लेकीच्या चेहऱ्यावर असा आनंद की मला पाहवत नसे. हे पाठमोरे असताना विचारलं की उत्तरच यायचं नाही, ते ती मोजतच नव्हती.

जयंतीचा शुक्रवार. हॉल माणसांनी भरला, चपला जिन्यापर्यंत. फोटोला हार, मेणबत्त्या, वंदना. ह्यांनी टेप डेकला माइक जोडला होता. भाषण मधल्या स्पीकरमधून येणार आणि गावी आजोबांना पाठवायला कॅसेटवर भरलंही जाणार. मधला स्पीकर मी सकाळीच असेल नसेल तेवढा वाढवून ठेवला होता. लेक निळ्या फ्रॉकमध्ये पुढं आली, माइक हातात घेतला, आणि स्पीकरमधून अशी कर्कश शिट्टी निघाली की बाप्पा! सगळ्या हॉलनं कानांवर हात दाबले. एक तान्हं बाळ किंचाळून उठलं.

हे स्पीकरशेजारीच उभे होते. हसत. लेकीला मानेनं खुणावत होते, बोल, बोल.

मी धावत जाऊन आवाज कमी केला. एका क्षणात सगळ्यांना कळलं होतं, आणि निम्मे तरी कॉम्प्रेसर नाही तर भट्टीच्या आवाजात दिवस काढणारे, काय कळलं ते त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. पोरगी मात्र पांढरीफटक पडली. मग तिनं बापाकडं तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली.

"माझे आजोबा शाळेच्या बाहेर बसून शिकले. माझे पपा रात्रशाळेत शिकले. मी रोज बसनं शाळेत जाते. माझे पपा मशीनचं सगळं ऐकतात. मशीन आजारी पडली की त्यांना कळतं. मला मराठी नीट येत नाही, पण आज मी त्यांच्यासाठी बोलते आहे. पपा, आज माझं ऐका."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या पडल्या. दुसऱ्यांचे हात हललेले पाहून हेही जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. एका मित्रानं, शिट्टीच्या वेळी तो बाहेर जिन्यात होता म्हणून त्याला काही कळलं नव्हतं, ह्यांच्या खांद्यावर हात टाकून ओरडून विचारलं, "काय मग, लेक काय बोलली तुमच्यासाठी? भरून आलं का नाही?"

"हो ना," हे म्हणाले. "इतिहास चांगला सांगितला पोरीनं. पूर्ण पाठ केला."

लेक तिथंच उभी होती, माइक हातात धरून.

जेवणं झाली, भांडी झाली, माणसं गेली. दुपार उतरतीची असरची बांग होऊन गेली होती. मी आत पातेली लावत होते तेव्हा हे मला येऊन म्हणाले, "इतिहास नव्हता का वो तो?" जिन्यातल्या त्या मित्रानं निघताना त्यांना सांगितलं असणार. मी मान हलवली. "माझ्याबद्दल बोलली म्हणते तो." मी पुन्हा मान हलवली. हे तिथंच उभे राहिले, ओट्याला धरून. "किती दिवसांपासून माहीत हाय तुम्हा दोघींले?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाखरांपासून." ते त्यांना ऐकू गेलं का नाही, कोण जाणे.

मग हे गॅलरीतल्या टूलबॉक्सकडं गेले आणि लांब पेचकस घेऊन आले. हॉलमध्ये लेक कोपऱ्यात बसली होती. तिला हातानं खूण केली, कॅसेट लाव. तिनं लावली. हे टीव्हीपुढं जमिनीवर आडवे झाले, पेचकसाचं टोक मधल्या स्पीकरच्या लाकडाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हॉलभर पोरीचा आवाज घुमत होता. "माझे आजोबा शाळेच्या बाहेर बसून शिकले."

"माझ्याबद्दलचं आलं की सांगजो," हे म्हणाले.

लेक त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. ते वाक्य आलं तसा तिनं त्यांचा खांदा दाबला, आणि ते सरेपर्यंत दाबून धरला. हे हलले नाहीत. कॉम्प्रेसरचं ऐकायचे तसेच ऐकत होते, कपाळावर तशीच आठी.

कॅसेट संपली तरी त्यांनी पेचकस काढला नाही.

"चांगला आवाज हाय," शेवटी ते म्हणाले. "कुठंच घासत नाही."

तिनं कॅसेट मागं नेली आणि पुन्हा लावली.