रोझीच्या हातचे पाय

गोराईला निघाले तेव्हा मिरजेतल्या आमच्या घरी थोडा गोंधळच उडाला. रोझीनं कळवलं होतं, चर्चच्या फेअरसाठी पाय करायचे आहेत, चार दिवस ये. माझ्या वहिनीनं कपाळाला आठ्या घालून विचारलं, "कोणाचे पाय?" पाय म्हणजे मैद्याच्या पारीत खिमा किंवा खोबऱ्याचं सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ, हे तिला समजावता समजावता माझी गाडी चुकायची वेळ आली.

रोझी आणि मी नर्सिंगला एका खोलीत राहिलो. लग्न होऊन ती गोराईला सासरी गेली, बोरिवलीच्या एका दवाखान्यात नोकरी करू लागली आणि तिचं गाव बघायचं माझं राहूनच गेलं. हे ऐंशीच्या दशकातलं, थंडीच्या दिवसांतलं. बोरिवलीहून बसनं खाडीपर्यंत आले तर ओहोटी लागलेली. होडी लांब पाण्यात उभी आणि मध्ये नुसता चिखल. त्यावर टाकलेल्या फळीवरून माझा पाय निसटला तो पोटरीपर्यंत गाळात. मागून येणाऱ्या मासळीवाल्या बाईंनी दंड धरून वर ओढलं आणि कुणाकडे जायचं ते विचारलं. रोझीचं नाव सांगताच म्हणाल्या, "पायवाली रोझी? मंग फेअरला आलीस तू."

पलीकडे टांगा मिळाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिवरं (खाऱ्या पाण्यातली झुडपं), मग ताडाची झाडं, मग कौलारू घरं. वळणावळणावर झेंडूची माळ घातलेले क्रूस. मुंबई एवढ्या जवळ असून इथं कोंबड्यांचा आवाज ऐकू येत होता.

घरी पोचले तेव्हा रोझी स्टोव्हकडे पाठ करून माझ्याशी बोलत होती आणि मागे दूध करपत होतं. घरभर वास. मी धावत जाऊन स्टोव्ह बंद केला. तिनं चमकून पातेल्याकडे पाहिलं आणि माझ्यातली नर्स जागी झाली. मी काही विचारायच्या आत तिनं दार लोटून घेतलं.

"वास येत नाय मला. चवपण नाय. पावसाळ्यात ताप आला ना, तवापासून."

डॉक्टर म्हणाले होते, परत येईल किंवा नाही येणार. नवरा बोटीवर नोकरीला, घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे बाहेर कुणाला कळलं नव्हतं. हे पाय तिच्या सासूचे. सासूनं जाताना ते थोरल्या सुनेला, फिलोमिनाला, न शिकवता रोझीला शिकवले होते. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं कामापुरतं. आता हे उघड झालं तर पाय आपल्या हातून जातील, ही रोझीची भीती. म्हणून तिला परगावची जीभ हवी होती.

मी मांसमच्छी खात नाही, हे तिला माहीत होतं. त्यावर तिचा तोडगा तयार होता: खिमा पडायच्या आधी कांद्या-मसाल्याची चव मी सांगायची, पुढचं ती अंदाजानं करणार.

दुसऱ्या दिवशी चर्चमागच्या शेडमध्ये गावातल्या बायका जमल्या. कुणी मैदा मळत होतं, कुणी पाऱ्या लाटत होतं. फिलोमिना नारळ खवत होती, आमच्याकडे पाठ करून. मी कुणाचं लक्ष नाही असं बघून मसाला चाखला, मान डोलावली. मग खिमा पडला, बटाटे पडले. गावातल्या पाववाल्यानं सकाळचे पाव काढून झाल्यावर आपली तापलेली भट्टी दिली होती, तिच्यात नमुन्याचे चार पाय भाजून आणले. एका बाईनं तुकडा तोंडात घातला आणि उरलेला बाजूला ठेवून दिला. रोझीनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

सारणाचा मोठा टोप अजून चुलीवर होता. माझी वेळ आली होती. मी चमचा भरला. घरी काय सांगायचं, हा विचार मनात आलाच. तरी मी चमचा ओठांपर्यंत नेला. रोझीनं माझ्या हातून चमचा काढून घेतला.

"नको. जन्मात खाल्लं नाय तू. कसं लागायला पायजे ते तुला काय कळणार?"

मग तिनं वळून हाक मारली, "फिलूबाय, जरा ये."

शेडमधली लाटणी थांबली. सगळ्यांसमोर रोझीनं सांगून टाकलं. फिलोमिनानं हात पुसले, चमचा घेतला, चाखलं. मिठाची मूठ टोपात सोडली. मग हळूच म्हणाली, "पावसाळ्यापासून असं बिनचवीचं एकटीच जेवत होतीस काय गं?"

रोझीनं पदरानं डोळे पुसले आणि मिरीचं विचारलं. फिलोमिना म्हणाली, घालायला हवी. रोझी म्हणाली, सासूबाई एवढी घालत नसत. त्यावर दोघींची जी वादावादी झाली, ती भट्टी पुन्हा भरेपर्यंत चालू होती. इतक्या वर्षांचं बोलणं त्या बहुधा एकदम वसूल करत होत्या.

फेअरच्या दिवशी चर्चच्या आवारात पताका, बँड, हौजीचा खेळ. पायांसमोर रांग. एका आजोबांनी चावा घेतला, नाक पुसलं आणि यंदा तिखट झालेत अशी तक्रार केली. रोझीनं फिलोमिनाकडे बोट दाखवलं, "यंदा दोघींनी केलेत." आजोबांनी आणखी दोन मागून घेतले.

परतताना भरती होती, होडी थेट काठाला लागली. माझ्या पिशवीत खोबऱ्याचे पाय होते. मिरजेत पोचले तोवर त्यांचे कोपरे मोडले होते, पण वहिनीनं चुरासुद्धा ठेवला नाही.

मी मोठ्या कामाला म्हणून गेले होते आणि ते काम मला जमलं नाही. नर्सच्या नोकरीत उपयोगी पडण्याची सवय लागते, त्याचा थोडा गर्वही होतो. गोराईत माझा काडीचा उपयोग झाला नाही, आणि त्याचं मला इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.