म्हातारीचा दुसरा डोळा

आमच्या नियंत्रण कक्षात त्या उपग्रहाला नंबर होता, पण आम्ही दोघं त्याला म्हातारी म्हणायचो. दोघं म्हणजे मी आणि माझा विट्याचा सहकारी. त्याच्या घरचे सगळे परमुलखात सोनं गाळतात, हा एकटाच आकाशाच्या नादी लागला. तिथं बाकी कुणाला मराठी कळत नाही, त्यामुळे म्हातारीला मनसोक्त नावं ठेवता यायची.

म्हातारी नेमून दिलेल्या आयुष्यापेक्षा कितीतरी जास्त जगली होती. जमिनीचे फोटो काढणारे तिचे दोन कॅमेरे, त्यातला एक कायमचा गेला होता. बॅटरी थकलेली. पृथ्वीच्या सावलीत शिरली की ऊन मिळायचं नाही, मग हे बंद कर, ते चालू ठेव, असं करत तिला पलीकडं न्यायचं. ती सुखरूप बाहेर येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा.

माझी आई रहिमतपूरला एकटी राहत होती. तिचा एक डोळा काचबिंदूनं गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत होता. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन उरकून घ्या म्हणून बजावलं होतं. मी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा मोडली, दोन्ही वेळा म्हातारीपायी. आईला फोनवर ‘आता नाही गं जमत, बघू पुढं’ एवढंच सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली.

तिसऱ्यांदा मात्र रजा टाकून आलेच. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी विट्याच्या गड्याचा फोन आला. आमच्या घरी रेंज मिळते ती परसात, न्हाणीच्या दाराशी, आणि तिथंही ओरडावं लागतं.

“म्हातारीचं काय करायचं गं? लय खालावलीया.”

“एक डोळा तर गेलाच हाय तिचा,” मी ओरडले. “दुसऱ्यावर कशाला ताकद घालवायची? बंद होऊ दे. बाकीचं चालतंय तवर चालवू. सगळंच थकलं की खाली घेऊ.”

निर्णय बरोबर होता. समुद्राची उष्णता मोजणारं तिचं यंत्र अजून उत्तम चालत होतं, त्याला वीज पुरवायची तर कॅमेऱ्याचा मोह सोडायलाच हवा होता. मी खुशीत आत येऊन चहा मागितला. आईनं करून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली, तर आई घरच्याच लुगड्यात लसूण सोलत बसलेली.

“मी न्हाई येत. आता काय बघायचं ऱ्हायलंय मला?”

माझं डोकंच फिरलं. रजा काय झाडाला लागते का, कसले नखरे करतेस, असं काय काय बोलले.

“रागवू नगंस. कालच म्हणालीस न्हवं, दुसऱ्या डोळ्यावर ताकद घालवायची न्हाई म्हणून? थकली की खाली घेऊ म्हणून?”

आमच्याकडं माणूस शेवटच्या घटका मोजायला लागलं की त्याला खाटेवरनं खाली घेतात. आम्ही मात्र निकामी उपग्रहाला कक्षेतून खाली घ्यायचो. मी तिच्याजवळ बसले. फोनवर म्हातारीचा फोटो दाखवला, सगळं उलगडून सांगितलं. ऐकून आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. “आगं बया! त्या यंत्राला म्हातारी म्हंत्यात व्हय?” मग उठून चांगलं लुगडं नेसली.

ऑपरेशन छान झालं. डोळा वाचला, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना पट्टी बांधलेली, म्हणजे त्या दिवसापुरतं तिला काहीच दिसत नव्हतं. गाडीत तिनं माझा हात धरून ठेवला होता. कराड मागं पडलं तशी मला जरा उसंत मिळाली आणि उसंत मिळाली तसा रागही आला. काही केलं तरी मी तिची लेक.

“पण आई, मी तुझ्याबद्दल असं बोलेन, हे तुला खरं वाटलंच कसं?”

मला वाटलं, ती पुन्हा हसेल. तिनं माझा हात चाचपला.

“इचार करावा लागला न्हाई गं,” ती म्हणाली.